दोन झाडांमधली जागा

तो : मी सांगतो, आपला चाकांवरचा डबा लावायला पेट्रोल पंपामागची जागाच बरी. शहराची वेस ओलांडली की लागते, आणि डोळ्यांचं इस्पितळ तिथून हाकेच्या अंतरावर. आणखी काय पाहिजे?

ती : झोप पाहिजे. डोळ्यात सुई टोचून घेतलेला माणूस रात्री कुठे निजणार, ते बघायचंय मला. या फोटोत प्रत्येक गाडीच्या मागे ट्रकचं नाक दिसतंय. रात्रभर ते येणार, सुस्कारा टाकल्यासारखा ब्रेक सोडणार, आणि तुम्ही उठून बसणार.

तो : जन्म बस चालवण्यात गेला माझा. इंजिनाच्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही, ठाऊक आहे तुला.

ती : तुमच्या इंजिनाच्या. दुसऱ्याच्या इंजिनाला तुम्ही अंथरुणातून शिव्या घालता.

तो : मग नदीकाठची घे.

ती : ती तर सकाळीच खोडली. कॅम्पवाल्याने हौसेने फोटो टाकलाय, हिरवळ काय, सावली काय. पण एकूणएक बुंध्याला कमरेच्या उंचीवर मातकट रेघ आहे, पट्टी लावून मारल्यासारखी. नदी तिथवर येऊन जाते हो. मी आयुष्यभर कापडावर मापाच्या खुणा केल्या, ही खूण कशाची ते मला कोणाला विचारायला नको.

तो : सून शोधताना एवढ्या चौकशा नव्हत्या केल्यास.

ती : सून त्याची त्यानेच शोधली, आपल्याला फक्त जेवायला बोलावलं. इथे मुक्काम आपला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, दर महिन्याला एक सुई, थंडी सरेपर्यंत तरी. दर खेपेला इथून दिवसभराचा प्रवास करून जायचं नि हाडं खिळखिळी करून परत यायचं, त्यापेक्षा घरच घेऊन जाऊ, असं तुम्हीच म्हणालात.

तो : डबा म्हण. घर विटांचं असतं.

ती : तुमचा डबा, माझं घर.
 चाकावर माझं घर, दारी नाही जाई-जुई
 जिथं चाक थांबे बाई, तीच माझी अंगणभुई.

तो : जुळली का ओवी? शिवणाचं मशीन थांबलं की तोंड सुरू.

ती : तोंडच चालवते आहे, कारण तळ्याकाठच्या कॅम्पला फोन लावलाय. वाजतोय. मोठ्याने लावते, तुम्हीही ऐका. हॅलो?

कॅम्पवाली : तळ्याकाठचा कॅम्प, बोला. जरा मोठ्याने बोला, मी नळ दुरुस्त करतेय.

ती : ताई, आम्हाला थंडीभर जागा पाहिजे. नवरा-बायको दोघंच, पुढे जीप, मागे ओढायचं घर. रोज नाही, पण सुईला नि तपासणीला धरून महिन्यातून दोन-तीनदा शहरात इस्पितळात जायचंय.

कॅम्पवाली : मग योग्य ठिकाणी फोन केलात, मावशी. शहराची बस आमच्या फाटकाशी वळते. म्हणजे तिचा शेवटचा थांबाच तो, जाताना बसायला जागा मिळतेच मिळते. पाऊण तासात इस्पितळाच्या चौकात. येताना ड्रायव्हरला सांगितलंत की तो फाटकापाशी हाक मारतो, झोप लागली तरी चुकायचं नाही.

ती : पाणी?

कॅम्पवाली : प्रत्येक जागेला नळ. हा एक सोडून, हा आजच्या आज होईल. वीज आहे, न्हाणीघरात गरम पाणी आहे, रात्री वाटेवर दिवे आहेत. कुत्रा आहे, पण तो भुंकत नाही, वेळ पडली तर मीच भुंकते. झाडाखालची एक जागा आहे, पुढे उघडं तळं. ती देऊ?

ती : तीच द्या.

कॅम्पवाली : एक सांगून ठेवते, नंतर भांडण नको. आमच्याकडे एकीकडून शिरायचं नि दुसरीकडून बाहेर पडायचं, असल्या जागा नाहीत. गाडी मागे घेऊनच लावावी लागते, आणि ही जागा दोन झाडांच्या मध्ये आहे. चालवणार कोण?

ती : मी.

कॅम्पवाली : छान. आणि मागे कोण उभं राहणार?

तो : आम्ही कळवतो तुम्हाला.

कॅम्पवाली : कळवा, काका. अजून एकजण त्याच जागेवर डोळा ठेवून आहे. संध्याकाळपर्यंत धरून ठेवते, पुढे माझा इलाज नाही.

ती : फोन ठेवला तिने. तुम्ही मध्येच का बोललात?

तो : विचार करायला नको? पंपामागे सरळ आत जायचं, सरळ बाहेर यायचं. मागे घेण्याची भानगडच नाही.

ती : म्हणून सकाळपासून पंप, पंप. मला वाटलं, इस्पितळ जवळ म्हणून.

तो : तेही आहेच.

ती : की घर त्या गवंड्याला विकायचं मनात आहे, म्हणून ही टाळाटाळ?

तो : कोणी सांगितलं तुला?

ती : त्याच्या बायकोने. काल पडदे शिवायला टाकायला आली. खिडक्या किती, रुंदी केवढी, मलाच विचारतेय. माझ्याच घराच्या खिडक्या, आणि त्यांचं माप मलाच. मी म्हटलं, पडदे आहेत त्याला, मीच शिवलेत, अजून दहा वर्षं विटायचे नाहीत. बिचारी ओशाळली. तिला वाटलं, मला माहीत असेल.

तो : तुला सांगणारच होतो. त्याला कामावरच्या माणसांना राहायला हवाय डबा. आपण मुलाकडे जाऊ. त्याने खोली रिकामी केलीय, परवाच म्हणाला, बाबा, खिडकीजवळ पलंग लावलाय, आईचं मशीनही मावेल. सूनही म्हणाली, या म्हणून. मनापासून म्हणाली.

ती : मनापासूनच म्हणाली असेल. मुलगा सोन्यासारखा, सून त्याहून बावनकशी. मला त्यांचं भय नाही, मला त्या पलंगाचं भय आहे. तिथे तुम्हाला कोणी काही काम सांगणार नाही. पाणी हातात, चष्मा हातात, उठू नका बाबा, बसा बाबा. सहा महिन्यांत आजारी माणूस करून टाकतील तुम्हाला, आणि तेही लाडाने. घर दिलंत की परत मिळायचं नाही. तसलं दुसरं घ्यायची उमेद आपल्यात राहणार नाही.

तो : मग आता कशासाठी थांबलीस?

ती : खरं कारण कधी सांगताय, त्याची वाट बघतेय. मी चालवेन याची भीती वाटते का? सरळ रस्त्यावर निम्मी वाट मीच चालवत आलेय.

तो : तुझी भीती नाही. चार-दोन वेळा झाडाला घासशील, मग शिकशील. सगळे घासूनच शिकतात. माझी भीती आहे.

ती : म्हणजे?

तो : इतकी वर्षं मी गाडी मागे घेतली, ती कोणाच्या जिवावर? आरशात मला रस्ता दिसायचा नाही, तू दिसायचीस. तू हात वर केलास की मी थांबायचो. पुढे काय, मागे काय, विचारलंही नाही कधी. आता तू चाकाशी बसणार, म्हणजे मागे मी. आणि मला काय दिसतं, ठाऊक आहे? तू आत्ता समोर बसली आहेस ना, तिथे मधोमध राख सांडल्यासारखं आहे. तुझे कान दिसतात. कानातलं दिसतं. केस दिसतात दोन्ही बाजूंचे. मधला चेहरा मी आठवणीने भरतो.

ती : हे मला कधी नाही सांगितलंत.

तो : काय सांगायचं, तुझं तोंड दिसत नाही म्हणून?

ती : सांगायचं होतं. थोडं कमी नटले असते.
 हसलात ना. आता एक करा. माझ्याकडेच बघा, मान हलवू नका. दाराची चौकट दिसते?

तो : दिसते.

ती : डावीकडे खिडकीची कड?

तो : तीही. पडदा हलतोय तोसुद्धा.

ती : मग ऐका. मी मागे उभी राहून काय बघायची, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगितलं नाही. मी गाडीच्या पाठीकडे बघतच नव्हते. पाठ अंगावर येताना दिसली की माणूस घाबरतो आणि उगाच हात वर करतो. मी बघायची दोन कडा. ही कड आणि झाड, ती कड आणि झाड. मधल्या फटीत उजेड दिसतोय तोवर ये, उजेड बारीक झाला की थांब. बास. कापड बेततानाही तसंच असतं, कात्रीच्या पात्याकडे बघायचं नसतं.

तो : आणि मध्ये कोणी आलं तर? एखादं पोर धावत आलं, त्या राखेत मला ते दिसायचंच नाही. कडा सांगेन मी, पण मधला जीव कोणाच्या भरवशावर?

ती : हे मात्र खरं.

तो : बघ.

ती : खरं आहे म्हणूनच त्यावर उपाय करायचा. कॅम्पवालीला मध्ये उभी करू. कुत्र्याच्या वाटणीचं तीच भुंकते म्हणाली ना.

तो : ती का उभी राहील?

ती : विचारा तिला. तुमच्या हाताशीच आहे फोन.

तो : लाव बरं. मी बोलतो. हॅलो, बाई, मघाचा मी. ती झाडं, त्यांच्या फांद्या कुठवर खाली येतात?

कॅम्पवाली : उंच गाडी आली की पानं टपावर फिरतात काका, फांदी लागत नाही. तुमच्याएवढं एक घर मागच्या हिवाळ्यात तिथेच होतं. दोन्ही बाजूंनी माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा उरली होती.

तो : जमीन? पावसाने भुसभुशीत होते का? चाक रुततं का?

कॅम्पवाली : खडी घातलीय. तळ्याकडे जरासा उतार आहे, पण चाकाला ठोकळा लावला की झालं.

तो : आणि एक. बायको चालवणार, कडा मी बघणार. माझी मधली नजर गेलीय. तुम्ही दोन मिनिटं मध्ये उभं राहून माणसं बघाल का?

कॅम्पवाली : एवढंच ना? मला वाटलं, भाडं कमी करा म्हणताय.

तो : तेही करा.

कॅम्पवाली : ते नाही होणार. पण उभी राहते.

ती : अहो, आणि गवंडी?

तो : गवंड्याला मी सांगतो. त्याच्या बायकोला पडदे शिवून दे, दुसऱ्या कुठल्या खिडकीला लावील.

(तळ्याकाठचा कॅम्प. दुपार. ती जीपमध्ये चाकाशी, तो घराच्या मागे, झाडांच्या मध्ये, कॅम्पवाली वाटेवर.)

कॅम्पवाली : वाट मोकळी आहे, मावशी. या.

तो : ये, ये. स्टिअरिंग उजवीकडे. अर्धं. आता डावीकडे मार. अगं, मार लवकर, सोड क्लच, सोड, आता उजवीकडे.

कॅम्पवाली : थांबा, थांबा. घर वाकडं झालं की हो, झाडाकडेच निघालं.

ती : अहो.

तो : मी सांगितलं तसं फिरवलंस का?

ती : तुम्ही सांगितलंत तसंच फिरवलं, म्हणून वाकडं झालं. तुम्ही तिथे उभं राहून बस चालवताय. मी कधी तुम्हाला म्हटलं, क्लच सोडा, स्टिअरिंग फिरवा?

तो : नाही म्हटलंस.

ती : मग मला कड सांगा. चाक माझ्याकडे आहे.

कॅम्पवाली : काका, मी आहे इथे, घाई नाही. तो दुसरा जागा मागत होता ना, त्याने नदीकाठची घेतलीय.

ती : सुखी राहो. त्याला पोहता येत असेल.
 मी पुढे घेऊन सरळ करते. परत येते. काय दिसतं ते सांगा फक्त.

तो : ये.
 तळ्याकडची कड आणि झाड, उजेड आहे. भरपूर. वाटेकडची... उजेड आहे. ये. ये. वाटेकडचा उजेड कमी होतोय.

ती : किती?

तो : तळहाताएवढा राहिला. थांब.
 आता बघ, फिरवलंस ना, रुंद झाला परत. ये. तळ्याकडे ठीक. वाटेकडे ठीक. मी मागे सरतोय, तू ये.

कॅम्पवाली : मध्ये कोणी नाही, काका. कुत्रासुद्धा नाही.

तो : ये. अजून. दोन्हीकडे सारखं आहे. अगदी सारखं. ये... बास. हँडब्रेक.

ती : लावला. घासलं का कुठे?

तो : पानं घासली टपाला. ती घासू देत. उतरू नकोस अजून, उतार आहे, चाकाला ठोकळे घालतो.

कॅम्पवाली : मी घालते, काका, तुम्ही बसा.

ती : नको ताई. त्यांना घालू द्या.

कॅम्पवाली : बरं, मी नळाला पाईप लावते मग. काका, तुमच्या कोटाच्या खिशात फोन वाजतोय.

तो : मुलाचा असणार, दुसरं कोण. हॅलो. हो रे, पोचलो. मगाशीच. नाही, खोली राहू दे, तुमच्या सामानाला कामी येईल. तूच ये रविवारी सगळ्यांना घेऊन, शहरातून थेट बस आहे. जागा? दोन झाडांच्या मध्ये, समोर तळं. हो, मागे घेऊनच लावावी लागली. आईने. मी? मी मागे होतो.