घासली की घसरली

सानिका : म्हणजे आजी, त्या दिवशी तू न्हाणीघरातून बाहेर येताना घासलीस, तेव्हा—

सुधा : घसरलीस गं! घासतात ती भांडी. सातवीत गेलीस तरी आजीला मोरीत टाकतेस.

सानिका : बरं, घसरलीस. पण बाबांना तर तू सांगितलंस, चक्कर आली!

सुधा : तू धडा वाच. आजीची उलटतपासणी नाहीये त्यात.

सानिका : आहे! घर्षणाचा धडा आहे. हे बघ, पाट तिरका धरला. हा खोडरबर. हलला?

सुधा : नाही.

सानिका : आता त्यालाच तुझा मोजा घालते. घाबरू नको, दोरीवरचा जोड आहे... ए मा! गेला सुळकन! उतार तोच, खोडरबर तोच. लोकर आली आणि पकड गेली. आणि या बागबाजारच्या घरातली लाल फरशी कसली गुळगुळीत आहे! आजी, तू मोज्यांमुळे पडलीस.

सुधा : हळू बोल. आई स्वयंपाकघरात आहे.

सानिका : मग काय झालं?

सुधा : अगं, मला इथली थंडी सोसेना म्हणून तुझी आई बँकेतून परस्पर वेलिंग्टनच्या लोकरी कपड्यांच्या बाजारात गेली. हिवाळ्यात डोंगरातून येणाऱ्या भुतिया बायकांची सगळी दुकानं पालथी घालून हे मोजे आणले, स्वतःच्या हातांनी माझ्या पायांत घातले. तिला काय सांगू, तुझ्या मोज्यांनी पाडलं मला? जिवाला लावून घेईल ती.

सानिका : म्हणून चक्कर?

सुधा : तोंडाला आलं ते बोलून गेले.

सानिका : आणि खुर्चीतून उठत का नाहीस? डॉक्टर तर म्हणाले, चालायला लागा.

सुधा : मोजे काढले तर ती कारण विचारणार. घालून चालले तर पुन्हा आपटणार. भीती वाटते गं मला.

सानिका : अगं, पण त्या चकरेपायी उद्या तुझ्या डोक्याचा स्कॅन आहे! ‘आईंना काही मोठं निघालं तर?’ म्हणून आई रडत होती.

सुधा : रडत होती?

विनीता : (दारातून, कणकेच्या हातांनी) होते. आणि आता हसू की रडू, तेच कळत नाहीये.

सुधा : अगंबाई! कधीची उभी आहेस?

विनीता : खोडरबर घसरला तेव्हापासून. द्या पाय इकडे, मोजे काढते.

सुधा : अगं, हाताला कणीक आहे तुझ्या.

विनीता : असू दे. फरशीला चिकटून तरी राहाल.

सुधा : रागावलीस?

विनीता : खूप. एकट्याच घाबरत बसलात, त्याचा राग आला. थंडी वाजली तर तळपायांना गरम तेल चोळून देत जाईन—

सानिका : आई, तेल नको! तेलाने तर आणखीनच घास... घसरेल!

विनीता : बरं बाई, तेल नको. गोधडी देईन. उठा आई, मी धरलंय.

सुधा : किती गार आहे गं फरशी!

सानिका : आता पायाने फरशीला मागे रेट. ती तुला पुढे ढकलते. धड्यात आहे.

सुधा : याच फरशीने आपटलंय मला.

विनीता : एकच पाऊल, आई.

सुधा : हं... आणखी एक. आता हात सोड माझा. सानिका, ऐकू येतंय का?

सानिका : काय?

सुधा : पाय घासतोय माझा.