जकातघराच्या भिंतीवरील भेगेबाबत

मी, खाली सही करणार, वय २४ वर्षे, शिक्षण नववीपर्यंत, धंदा जुन्या इमारतींची छायाचित्रे काढणे, राहणार नदीकाठची गल्ली, छपाईखान्याच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी आईसोबत राहतो. तीन वर्षांपासून बांधकाम खात्यासाठी जुन्या इमारतींची छायाचित्रे काढतो. हे काम मला माझ्या भावोजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी मिळवून दिले. ते खात्यात सहाय्यक अभियंता आहेत.

प्रत्येक भिंतीचे छायाचित्र मी दोनदा काढतो, सकाळी साडेआठला आणि दुपारी चारला. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय जिथे टेकतात तिथे खडूने खुणा करतो, म्हणजे जागा बदलत नाही. भिंतीला लाल-पांढरी मोजकाठी टेकवतो. खऱ्या भेगेची सावली सकाळी एका कडेला पडते, दुपारी दुसऱ्या कडेला. त्यासाठी दोन वेळा.

पुलाजवळचे दगडी जकातघर येत्या शुक्रवारी पाडायचे ठरले आहे. दक्षिणेच्या भिंतीला भेग गेल्याने ते धोकादायक असल्याचा अहवाल भावोजींनी दिला आहे. मागच्या वर्षी मी हीच भिंत टिपली होती. तेव्हा भेग नव्हती.

आज मंगळवारी सकाळी मी तिथे गेलो. पाडकामाचे कंत्राटदार हजर होते. ते म्हणाले, "भेग तेवढी ठसठशीत येऊ दे. बाकी भिंत नाही आली तरी चालेल." मी एक छायाचित्र काढले व चारला परत येतो म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "कशाला? भिंत काय पळून जाणार आहे?" मी म्हणालो, "शुक्रवारी जाणार आहे ना."

चार वाजता त्याच खुणांवरून दुसरे छायाचित्र काढले. दोन्ही पडद्यावर ताडून पाहिली. भेगेला सावली सकाळी नव्हती, दुपारीही नव्हती. भेग जमिनीपासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर थांबली होती. भिंतीशी एक स्टूल होते. जोत्यावर काळे थेंब वाळलेले होते. मी बऱ्याच भेगा पाहिल्या आहेत. स्टुलावर चढून आलेली ही पहिलीच.

मी रुमाल पाण्यात भिजवून वीतभर भेग पुसली. ती निघाली. पुसण्याआधीचे व नंतरचे छायाचित्र माझ्याकडे आहे. रुमाल हजर करत आहे.

कंत्राटदार धावत आले व ओरडले, "अरे, सरकारी भेग आहे ती! अहवालात नोंद आहे तिची!" मी म्हणालो, "मग अहवालातली राहू द्या, मी भिंतीवरचीच पुसली." ते म्हणाले, "नववी शिकलेला मला भेग शिकवणार?" नंतर पुरातन वास्तू विद्रूप केल्याची तक्रार देण्यासाठी त्यांनी मला येथे आणले. शुक्रवारपासून ती वास्तू पुरातन राहणार नाही, याची व्यवस्था त्यांच्याकडेच आहे.

मला कामासोबत मिळालेल्या अहवालाच्या प्रतीत असे लिहिले आहे की भावोजींनी सोमवारी अकरा वाजता भिंतीची जवळून तपासणी केली. तिथल्या पहारेकऱ्याला मी विचारले. तो म्हणाला, "साहेब उतरले कुठे? गाडीची काच खाली केली, मान हलवली, काच वर केली." अहवालाला भेगेचे छायाचित्र जोडल्याचेही लिहिले आहे. ते मी मंगळवारी काढले.

साडेचारला भावोजींचा फोन आला. ते म्हणाले, "तुला कोणी बघायला सांगितलं होतं? तू बटण दाब, बघायचं काम आमचं." मी म्हणालो, "भावोजी, तेवढंच राहून गेलं होतं."

कॅमेऱ्याचे कार्ड पंचांसमक्ष जमा करून घ्यावे व शुक्रवारचे पाडकाम थांबवण्याबाबत वरिष्ठांना कळवावे, ही विनंती. मला यापुढे खात्याचे काम मिळणार नाही, याची कल्पना आहे.

जबाब चालू असताना ताईचा तीन वेळा फोन आला. मी उचलला नाही. हवालदारांनी विचारले, "भावोजी काढून नुसतं सहाय्यक अभियंता लिहू का? उद्या बहिणीच्या दारात उभं राहायचंय तुम्हाला." मी थोडा वेळ मागितला. नंतर लिहिले आहे तसेच ठेवायला सांगितले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी स्वतःही दोनदा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. काही खोडलेले नाही.