घरातून कोणी हाकलले नाही, याबाबत

नाव: कागदोपत्री आहे ते लिहून घेतले आहे, हाक मारायची तर सोफाकाका. वय ७२ वर्षे. धंदा: खुर्च्या-सोफ्यांची दुरुस्ती, सध्या डॉक्टरांनी बंद केलेली. राहणार: बाजाराच्या मागे, दुसरा मजला, मुलाच्या घरी.

हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे की, मी हरवलो नव्हतो. मी स्वतःच्या पायाने गेलो होतो. माझ्या धाकट्या बहिणीने या ठाण्यात येऊन, सुनेने मला घराबाहेर काढले, अशी तक्रार दिली आहे. ती तक्रार खोटी आहे असे म्हणत नाही, चुकीची आहे असे म्हणतो. भाऊ सापडत नसताना बहिणीने स्वस्थ बसावे अशी माझी अपेक्षा नाही. पण संशयाला आधी सूनच सापडते, हेही खरे.

घरी मी, मुलगा आणि सून असे तिघे राहतो. मुलगा लांब पल्ल्याच्या बसवर चालक असून बहुतेक दिवस बाहेर असतो. सूनबाई घरी शिवणकाम करते. डॉक्टरांनी माझ्या काळजाची एक झडप बदलावी लागेल, उशीर करू नका, असे सांगितले. त्यानंतर एका दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो, कान मात्र उघडे होते. सूनबाई मुलाला म्हणाली, "नवं मशीन विकून टाकू. जुन्यावर भागवेन मी." ते मशीन तिने किती वर्षे मन मारून घेतले ते मी पाहिले आहे. मी कूस बदलून झोपेचे सोंग चालू ठेवले.

फर्निचरच्या गोदामाचा राखणदार माझा जुना मित्र आहे. त्याला आम्ही 'वकील' म्हणतो. कोर्टाची पायरी तो कधी चढलेला नाही. त्याने ठासून सांगितले की, म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा फक्त निराधारांना मिळतो. घरात पगारदार मुलगा असला की नाव कापतात. मला ते पटले. म्हणून मंगळवारी सकाळी सूनबाई दोरे आणायला बाजारात गेली असता मी निराधार व्हायला घराबाहेर पडलो.

निराधार दिसावे म्हणून आधी फाटका सदरा शोधला. घरात एकही मिळाला नाही, सूनबाई सगळे सदरे रफू करून ठेवते. शेवटी लाकूड चिकटवायच्या सरसाचे डाग पडलेला कामाचा सदरा घातला. गोदामात वकिलाने मला ठेवून घेतले, स्वतःच्या डब्यातले वाढले. त्याचा सल्ला चुलीत जावो, त्याच्या अन्नाला मी जागेन.

गुरुवारी सरकारी दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर गेलो. तेथील बाईंना सांगितले की मला कोणी नाही. त्यांनी तसे लिहिले आणि मग माझ्या बाहीकडे पाहून म्हणाल्या, "आजोबा, कोणी नाही म्हणता, मग एवढं बारीक रफू कोण करून देतं?" मी बाही पाठीमागे घेतली. रडू आले. माझ्यामागे रांग असूनही बाईंनी मला खुर्ची दिली आणि पाणी दिले.

मग त्यांनी समजावून सांगितले. सत्तरी ओलांडली की या विम्याला वय पाहतात, कमाई पाहत नाहीत. मुलाचा पगार आड येत नाही. खाट, शस्त्रक्रिया, झडप आणि तिथली औषधे विम्यातून होतात. घरी आल्यावर पुढची औषधे, येण्याजाण्याचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण हे आपल्या पदरचे. वेगळी खोली हवी असेल तर वरचा फरकही आपला. मी विचारले, "म्हणजे मशीन विकावं लागणार नाही?" त्या म्हणाल्या, "कसलं मशीन ते मला ठाऊक नाही, पण घरातलं काही विकायला काढू नका." त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत, ते इथे लिहिले जावेत.

घरचा नंबर त्यांनीच फिरवला. त्या वेळी माझ्यावरून सूनबाईची घरी चौकशी चालू होती, हे मला नंतर कळले. ती हवालदारसाहेबांसोबतच दवाखान्यात आली. 'नातेवाईक: कोणी नाही' हे तिने खिडकीवर वाचले. तिने ते खोडायला लावले, तिथे आपले नाव घातले आणि शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही केली. माझ्याशी मात्र एक शब्द बोलली नाही. इथे येईपर्यंत रिक्षातही नाही. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते. झडपेची भीती मला नव्हती एवढी या अबोल्याची वाटते आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला घरात खायला-प्यायला, औषधपाणी आणि मान सर्व काही मिळते. चूक माझी आहे. मी तिच्या भल्यासाठी गेलो आणि तिलाच ठाण्याची पायरी चढायला लावली.

हा जबाब माझा चष्मा घरी राहिल्याने हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते, सूनबाई बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होती. बरोबर आहे का, असे साहेबांनी मला दोनदा विचारले. मी बाहेर पाहत राहिलो. तेव्हा ती तिथूनच म्हणाली, "बाबा, बरोबर आहे म्हणा आणि चला आता, गोळी घ्यायचीय तुम्हाला." म्हणून सांगतो, बरोबर आहे.