मामाची गाडी आणि आबांचा कान

मागची मंडळी, जरा पुढं सरका बरं! खांबाला टेकून बसलेले — हो, तुम्हालाच म्हणतोय! टेकलं की डोळा लागतो, आणि झोपलेल्या माणसाला कीर्तन सांगायची विद्या मला अजून आलेली नाही. हां. बसा.

आज एकच प्रश्न घेतो. घरातलं जुनं काही कुरकुरायला लागलं — माणूस असो, वस्तू असो — तर ती कुरकुर म्हणजे कटकट, की निरोप? थांबा, उत्तर आत्ता देऊ नका! देवळात बसल्यावर सगळेच शहाण्यासारखं बोलतात. आधी गोष्ट ऐका.

कराडला आमचे आबा गुरव. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं कीर्तनाला तबल्याची साथ केलेला माणूस. माझ्याही मागं बसायचे. मी पद म्हणताना अर्धी मात्रा खाल्ली, की डग्ग्यावर अशी एक थाप द्यायचे — लोकांना वाटायचं साथ, मला कळायचं शिवी! असा कान!

आबांचा मुलगा जयवंत. नगरपालिकेत नोकरी, स्वभावानं लाख माणूस. त्याची एक छोटी लाल गाडी, सतरा वर्षांची. आणि प्रेम किती म्हणता! रोज सकाळी फडकं मारणार. दसऱ्याला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. बॉनेटच्या वर हं! आत काय चाललंय ते कोण बघतो? बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी. इंजिन थंड ठेवणारं कूलंट शेवटचं कधी घातलं, आठवत नाही. वायपर काच पुसायचा नाही, नुसती खाजवायचा. सकाळी किल्ली फिरवली की गाडी तीनदा "नाही" म्हणायची, मग कशीबशी "बरं" म्हणायची! आणि ब्रेक दाबला की — चींऽऽऽ!

त्यावर जयवंतचा उपाय ठरलेला. गाडीत भजन लावलेलं असायचं — त्याचा आवाज वाढवायचा!

हसता काय? भजन देवाचं नाव कानावर पडावं म्हणून लावतात, की दुसरं काही पडू नये म्हणून? कुणी विचारलंच तर जयवंत म्हणायचा, "वय झालंय हो तिचं. चालायचंच!"

आता काय झालं — आबांची लेक लतिका, चिपळूणला दिलेली. तिच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं. म्हणजे आपला जयवंत नवरीचा मामा! आणि मामाशिवाय नवरी मांडवात येते का? मुहूर्त बारा चाळीसचा. मध्ये कुंभार्ली घाट. आबांची ही एकुलती एक नात. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून डग्गा बडवायची. तिनं फोनवर सांगितलेलं, "आबा, अक्षता पडल्या की पहिला नमस्कार तुम्हाला." आबांनी महिनाभर आधी फेटा आणून ठेवलेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता गाडी दारातून मागं घेतली, ब्रेक दाबला — खर्रर्र! आबा काठी टेकून उभे होते. म्हणाले, "मी बसणार नाही."

"आबा!"

"काल चिरकत होती. आज खरडतेय. आवाज बदललाय, जयवंता. पुढचं डावं चाक. यासीनला बोलव."

"अहो, मुहूर्त चुकेल! परत आल्यावर दाखवतो ना!"

"परत आलो तर दाखवशील."

झालं! आबा फेट्यासकट पायरीवर बसले. जयवंत चिडला. "रोजचंच झालंय तुमचं! मी बोललो तर उत्तर देत नाही, तोंड फिरवून बसता, आणि आज नेमका हट्ट!" आबांना नातीच्या लग्नाला जायचं नव्हतं का? सगळ्यांत जास्त त्यांनाच जायचं होतं! तरी हलले नाहीत. शेवटी जयवंतची बायको शैला म्हणाली, "अहो, भांडत बसण्यापेक्षा एक फोन करा की."

यासीनभाई मेकॅनिक पंधरा मिनिटांत जॅक घेऊन हजर. एकदा गाडी हलवून आवाज ऐकला, मग आबांनी सांगितलेलं डावं चाक खोललं. ब्रेकचं पॅड बघितलं — आणि म्हणाला, "हे तर ठीक आहे की. अजून दोन महिने जातील."

जयवंतला जोर चढला! "बघा! बघितलंत? अर्धा तास गेला!"

आबांचा चेहरा पडला हो. चाळीस वर्षांत त्यांचा कान चुकला नव्हता. फेटा काढून मांडीवर ठेवला त्यांनी. म्हणाले, "मग... माझंच चुकलं असेल."

पण यासीनभाई उठेना. "आवाज तर मीपण ऐकला," म्हणाला, आणि गेला दुसऱ्या बाजूला. उजवं चाक खोललं. आत वाकून बघितलं आणि हाक मारली. "जयवंतभाऊ, इकडं या. हात लावून बघा."

पॅड शिल्लकच नव्हतं! लोखंडावर लोखंड घासत होतं, चाकाच्या डिस्कवर खोल चर पडलेले! यासीनभाई म्हणाला, "हे घेऊन घाट उतरणार होता?"

जयवंतनं त्या चरांवरून बोटं फिरवली, हात काळे झाले. गाडीत कोण बसणार होतं — बायको, बाप! त्यानं घाम पुसला. यासीनभाईनं मात्र आबांना विचारलं, "आबा, आवाज बरोबर पकडला, पण बाजू कशी चुकली तुमची?"

आबा अगदी सहज म्हणाले, "अरे, उजव्या कानानं सहा महिने झाले ऐकूच येत नाही. मला सगळंच डावीकडून येतं."

"सहा महिने?" जयवंत म्हणाला. "मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. दोनदा. तू म्हणालास, वय झालंय, चालायचंच."

मंडळी, पुढच्या सीटवर बसणाऱ्याचा कोणता कान गाडी चालवणाऱ्याकडं असतो? उजवा! सहा महिने हा मुलगा उजवीकडून बोलत होता, बापाला ऐकू येत नव्हतं, आणि मुलाला वाटत होतं — म्हातारा रुसलाय!

यासीनभाईनं ओळखीच्या दुकानदाराला उठवलं, दोन्ही चाकांची पॅड आणली, उजवीकडची डिस्कही बदलली. निघायला नऊ वाजून गेले. शैलानं आबांना मागच्या सीटवर उजवीकडं बसवलं. "आता तुमचा डावा कान आमच्याकडं," म्हणाली. भजन बंद. घाटात एका वळणावर समोर ट्रक आला. जयवंतनं ब्रेक दाबला, आणि गाडी मुकाट उभी राहिली. आबांनी फक्त मान डोलावली — सम बरोबर पडली की डोलवायचे, तशी.

चिपळूणला कार्यालयात भटजी माइकवरून तिसऱ्यांदा ओरडत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मामा काळे हात धोतराला पुसत धावला! अक्षता पडल्या, आणि पहिला नमस्कार आबांना झाला.

गोष्ट संपली वाटली? नाही! सोमवारी जयवंत आबांना कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. मनाची तयारी केलेली — मशीन लागेल, ऑपरेशन निघेल. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि हसले. मळ होता हो! घट्ट बसलेला मळ. कोमट पाण्याची पिचकारी, दहा मिनिटांचं काम!

आबा बाहेर आले आणि दारातच थांबले. "जयवंता, तुझ्या चपला वाजतात रे!"

जयवंत तिथल्या बाकावर बसून रडला. "आबा, दहा मिनिटांचं काम होतं! तुम्ही परत का नाही म्हणालात?"

आबा म्हणाले, "तू म्हणालास वय झालंय. मला वाटलं, असेल."

आता मळ कुणाच्या कानात होता, हे मी बोलत नाही. तुमच्यातल्या काहींनी आत्ता माना खाली घातल्या, त्यावरून समजलं मला.

उद्या सकाळी गाडीचं बॉनेट उघडा, चाकांतली हवा बघा, ब्रेक दाखवून आणा. पण ते उद्या. आज घरी गेलात की टीव्ही बंद करा, आणि घरातल्या जुन्या माणसाजवळ बसा. विचारा, "तुम्ही मागं काहीतरी म्हणत होता — काय ते?" एकदा विचारलं तर "काही नाही रे" म्हणतील. उठू नका! परत विचारा.

पेटीवाले, थांबा. टाळकऱ्यांनो, टाळ खाली ठेवा. गजर रोजच करतो आपण. आज शेवटी घटकाभर गप्प बसूया, आणि घरचं कोण काय सांगत होतं, ते आठवूया.