गोफणीची खुंटी

मी मूळची जिंतूरकडची, अन् दिली हिकडं सोनपेठकडं, गोदावरीच्या काठाला. बाप पाखरं राखायचा. म्हणजे काय, तर ज्वारी हुरड्याला आली की शेतात लाकडं रोवून उंच माळा बांधायचा, वर उभं राहायचं, अन् थवा उतरला की गोफण फिरवून दगड सोडायचा, ओरडायचं. मला बी त्यानंच शिकवलं. माझा आवाज दोन शेतं पलीकडं जातो. आमचे मालक, म्हणजे घरधनी, म्हणतात, तू घरात मीठ मागितलंस तरी गावाला कळतं. लग्न झाल्यापासून मी माधवरावाच्या शेतावर राखणीला हाय, अन् पोपटाचा मला लय राग, कारण चिमणी दाणा टिपती, हा कणीस कुरतडून निम्मं खाली टाकतो.

तर मागच्या हिवाळ्यात काय झालं, दगड सोडला, थवा उठला अन् एक पोपट मागंच राहिला, बांधावर तुरुतुरु पळायलाय. म्हणलं लागला वाटतं. उतरून बघितलं तर लागलेलं काही न्हाई, दोन्ही पंख कातरीनं कापलेले अन् पायात पितळंचं कडं. कोणाच्या तरी घरातून निसटलेला. पदर टाकून धरला तर अंगठा फोडला माझा.

गावात विचारलं, कोणी माझा म्हणेना. शाळेतले सर म्हणले, मावशी, पोपट पाळणं गुन्हा हाय, कोण कबूल होईल, तुमी पिंजऱ्यात घालू नका, पंख येईपर्यंत सांभाळा अन् सोडून द्या. बरं म्हणलं. तसाच सोडला असता तर मांजरानं दुपारपर्यंत खाल्ला असता. भिंतीशी दुरडी आडवी ठेवली, त्यात फडकं टाकलं अन् त्याला बसवलं.

अन् काय सांगू तुमाला, तो खाईचना. मिरची दिली, भिजवलेली डाळ दिली, पेरू दिला. मी घरात पाऊल टाकलं की मागं सरकून थरथर कापायचा. मालकांनी डाळ सरकवली तर दोन दाणे उचलले, मी आत आले तसे टाकून दिले. मालक हसले, म्हणले जन्मभर दगड मारलेस, आता काय सत्कार करंल का तुझा. मी म्हणलं गप बसा. पण हात लावून बघितलं तर छातीचं हाड लागायलं. असंच चाललं तर चार दिवसांत मरणार, हे मला दिसत होतं.

आमच्या घरात खुंटी एकच, अन् ती दुरडीच्या बरोबर वर. शेतातून आलं की खांद्यावरची गोफण तिला अडकवायची, सवयच ती. चौथ्या दिवशी मी गोफण अडकवायला हात वर केला अन् तो सपाट झाला, जमिनीला चिकटला, डोळे मिटून घेतले, जसा काही आता बसतोय दगड. मी तशीच उभी राहिले. म्हणलं अगं बये, त्याच्या डोक्यावर गोफण टांगून तू त्याला जेव म्हणायलीस व्हय.

तवाच गोफण गोठ्यात नेली, तिच्या दोरीनं शेळी बांधली. आवाज बी खाली आणला. पहिल्या दिवशी मालक घाबरले, म्हणले अंगात ताप हाय का तुझ्या.

मग शेतातून येताना एक कणीस आणायला लागले, ज्याच्यावरून हाकललं तेच. त्याच्याकडं पाठ करून बसायची, एका हातात कणीस मागं धरायचं, दुसऱ्या हातानं डाळ निवडायची. हात अवघडायचा, पाय बधिर व्हायचा, पण हलायचं न्हाई. आधी मी उठून गेल्यावर खायचा. मग मी बसलेली असताना लांब पडलेला दाणा टिपायला लागला. असं करत करत आठ-नऊ दिवसांनी कणसाला मागून झटका बसला, मग दुसरा. मी वळून बघितलं न्हाई. खडे निवडायचे मात्र राहिले, त्या दिवशी सगळ्यांच्या दाताखाली आले.

पुढं खांद्यावर बसायला लागला, कानातलं ओढायचा. उन्हाळ्यात पंख आले. शेजारची शेवंता म्हणली, अगं कातर घे, उडून जाईल. जाऊ दे म्हणलं, सरांना तसा शब्द दिलाय. अन् पंख कापले की तो आपल्यापाशी राहतो का अडकून पडतो, हे कसं कळणार ग तुला. ती म्हणली, तुला लय अक्कल आली.

आधी लिंबावर गेला, भाकरी टाकायच्या वेळेला खाली आला. मग लांब जायला लागला, एक दिवसाआड यायला लागला. पोळ्यापासून आलेला न्हाई.

आता परत ज्वारी हुरड्यात हाय अन् मी माळ्यावर. थवा येतो. पायातलं कडं तेवढ्या लांबून काय दिसतंय, सगळे सारखेच हिरवे. म्हणून दगड बंद, नुसता डबा बडवते. माधवराव म्हणले, मावशी, गोफण कुठाय. म्हणलं शेळीला बांधलीय, तुमचं रान राखलं जातंय ना. राखलं जातंय, पण दोन कणसं जास्त जातात, हे त्यांना बी माहीत हाय अन् मला बी. मग पहाटे लवकर येते, दुपारी घरी जात न्हाई, तेवढं भरून काढते.

असंल कुठं तर पोटाला मिळू दे त्याला, अन् माधवरावाची सुगी बी नीट होऊ दे. दुरडीत मी आता कांदे भरलेत, रिकामी ठेवून काय करायचंय. खुंटीला मात्र अजून काही अडकवलं न्हाई.