मागच्या वाटेवर

वैरागहून आलेल्या सारजाबाई मोहोळच्या स्टँडवर सोलापूर गाडीची वाट बघत, लेकीच्या फ्लॅटची किल्ली तिसऱ्यांदा पिशवीत चाचपत होत्या; ती काही हाताला लागत नव्हती. शेजारच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसलेली पोरगी आणि खांद्यावर घोंगडी टाकलेले तिचे आजोबा.

“आज्जा, बारा वाजता कॉलेजात नकाशा दाखवायचाय आन् प्रोग्रामच चालंना. बेचाळिसाव्या ओळीत चूक हाय म्हणतंय.”

“कसला नकाशा गं, प्रियदर्शनी?”

“आपल्या मेंढरांच्या पाणवठ्यांचा की. पायथनमधी लिवलाय. ती ओळ धा बार वाचली, बरोबर हाय.”

“मग चूक मागं असंल.”

“तुमाला काय कळतंय त्यातलं?”

“त्यातलं न्हाय कळत. पर मेंढरू कमी हाय, हे मुक्कामाला मोजल्यावर कळतंय. चुकल्यालं असतंय मागच्या वाटंवर. मी काय मुक्कामावर हुडकत बसत न्हाय.”

“अगं बया! एक्केचाळीसमधी कंस उघडलाय, बंदच केला न्हाय.”

“चाललं का?”

“व्हय! बघा, समदे पाणवठे आले. ह्यो आपल्या ओढ्याचा.”

“लई ब्येस.”

सारजाबाईंनी पिशवीची चेन ओढली आणि घरी फोन लावला.

“सूनबाई, कोनाड्यात बघ गं. निघताना चष्मा उचलला, तवा किल्ली तितंच ठिवली असंल मी.”