वल्ह्याचे ठोके

नदीकाठच्या दवाखान्यात एउलालिया मावशी रांगेत बसली होती. पुढच्या बाकावर क्लोदोआल्दो आणि जुरांदिर हे दोघे नावाडी बोलत होते. फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांना जग्वार दाखवायचा, हाच दोघांचा धंदा.

जुरांदिर म्हणाला, "तुझ्याच पाहुण्यांना रोज कसा रे दिसतो? आम्ही दिवसभर उन्हात भाजतो आणि दाखवतो काय, तर मगर!"

"कुणाला सांगू नकोस. होडीच्या कडेवर वल्हं आपटायचं. धप, धप, धप. मग काठावर मासा फेकायचा. आता ती मादी नुसत्या आवाजावर येते."

"अरे देवा! जनावराला आवाज शिकवलास?"

"शिकली बिचारी. हुशार आहे."

"कुठं करतोस हे?"

"वळणावरच्या वाळूत. तिथं चिटपाखरू नसतं."

"गाढवा, लॉजच्या चादरी आता तिथंच धुतात! जुना घाट पुरात गेला ना."

"धुतात म्हणजे... फळीवर?"

"मग कशावर? फळीवर टाकायची आणि धोपटायची."

मावशी उठून दोघांसमोर उभी राहिली.

"जुरांदिर, होडी काढ."

"मावशी, आता तुमचाच नंबर आहे."

"माझी पोर इनेस सकाळपासून तिथं चादरी धुतेय. काढ होडी!"

जुरांदिर धक्क्याकडे पळाला. मावशीने क्लोदोआल्दोचा दंड धरला.

"आज मासा घातलास का रे तिला?"

"नाही, मावशी. आज पाहुणेच नव्हते."